प्रिंट परत परत का उडते, आणि घरी ती नीट कशी जोडायची

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. घरच्या बोअरच्या १ एचपी मोटरला टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर लावलाय, त्याच्या बोर्डवर रिलेपासून (मोटर चालू-बंद करणारा छोटा स्विच) टर्मिनलपर्यंत जी जाड प्रिंट, म्हणजे बोर्डवरची तांब्याची पट्टी, आहे ती जळून ८ मिमीभर उडाली, तू वरून सोल्डरचा थर देऊन जोडलीस, आठ दिवस चाललं आणि परत तिथंच जळालं. दुसऱ्यांदा उघडल्यावर सेन्सरच्या बाजूच्या आयसीचा एक पॅड (पाय सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका) पण उचकटून आला. आता सोल्डर अजून जाड द्यायचं, कॉपर टेप लावायची, का बोर्ड टाकून द्यायचा, असं विचारलंयस.

बोर्ड टाकू नको, हे काम घरी होण्यासारखं आहे. पण सोल्डर अजून जाड दिलंस तर पंधरा दिवसांनी परत इथंच येशील, कारण तू प्रिंट जोडलीस पण ती का उडाली ते बघितलंच नाहीस. मी १९९७ पासून सोलापुरात हेच काम करतोय, लूमचे पॅनल, इन्व्हर्टर, टीव्हीचे किट, वॉशिंग मशीन, आणि आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नसल्यानं घरोघरी मोटर, त्यामुळं हे टाकीचे कंट्रोलर तर पोत्यानं बघितलेत. टेबलावर एकदा दुरुस्त होऊन गेलेली वस्तू परत येते ना, त्यात बहुतेक वेळा चूक जोडण्यात नसते, कारण न शोधण्यात असते.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, बोर्डला हात लावायच्या आधी एमसीबी पाड आणि कंट्रोलरला येणारी फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी काढून बाजूला कर, नुसता स्विच बंद करून भागत नाही, स्विच न्यूट्रलमध्ये टाकून ठेवलेली घरं मी स्वतः बघितलीत. स्टार्टरच्या डब्यातले कॅपॅसिटर सप्लाय काढल्यावर पण चार्ज राहतात. तुझा कंट्रोलर एसएमपीएसवाला (मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सप्लायचा) असेल तर त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतं. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय लावू नको, १० वॅटचा २.२ के चा रेझिस्टर वायरी लावून, टेप गुंडाळून कायम जवळ ठेव, पाच सेकंद टेकवायचा आणि मग मीटरनं बघून खात्री करायची.

आता मूळ मुद्दा. साध्या बोर्डवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण निम्मा. ३ मिमी रुंद प्रिंट दिसायला चांगली दांडगी दिसते पण तिचा काटछेद जेमतेम ०.१ चौरस मिमी भरतो. तुझी १ एचपीची मोटर चालताना ७ अँपिअरच्या आसपास घेत असणार, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, आणि व्होल्टेज पडलं की चालताना पण जास्त. ७ अँपिअरला ही प्रिंट स्वतःच भोवतालच्या हवेपेक्षा २० डिग्रीनं गरम होते. आता कंट्रोलर कुठं लावलाय बघ, बहुतेक गच्चीच्या जिन्यात नाहीतर पत्र्याखाली. मे महिन्यात आपल्याकडं सावलीत ४३ असतंय, पत्र्याखालच्या बंद डब्यात किती होत असेल विचार कर. म्हणजे प्रिंट मुळातच कडेलोटावर उभी होती.

पण तेवढ्यानं पण जळत नाही, खरा चोर दुसरा आहे. जळालेली जागा भिंगाखाली धर आणि सांग, प्रिंट रिलेच्या पिनपाशी जळालीय का मधोमध? मधोमध एकदम उडालेली असली, दोन्ही टोकं स्वच्छ आणि बाजूला तांब्याचे बारीक शिंतोडे, तर समजायचं की शॉर्ट झाला, सगळा करंट एका झटक्यात गेला. आणि पिनपासून सुरू होऊन बोर्ड आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळा होत गेलेला असला तर ते महिनोन्महिने शिजलेलं असतं. तू पाठवलेल्या फोटोत दुसरा प्रकार दिसतोय. म्हणजे रिलेच्या पिनचं सोल्डर सैल झालं, पिनभोवती गोल बारीक तडा पडला, आम्ही त्याला ड्राय सोल्डर म्हणतो. हिशोब कर, सांध्यात नुसता ०.१ ओहम रेझिस्टन्स आला तर ७ अँपिअरला सात गुणिले सात गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ ५ वॅट. आपला छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, त्याचा पाचवा हिस्सा एका पिनच्या टोकावर रोज तास-दीड तास पेटलेला. प्रिंट जळणार नाही तर काय होईल. तू प्रिंट जोडलीस, पिनला हात लावला नाहीस, आठ दिवसांनी त्याच पिननं परत जाळली. टर्मिनलचा स्क्रू पण बघ, त्यात वायरीचे तार काळे पडले असतील तर तेवढं कापून, नवीन सोलून, लग लावून कस.

सोल्डरच्या थराबद्दल लोकांचे दोन टोकाचे समज असतात म्हणून जरा थांबतो इथं. कोणी म्हणतं सोल्डर करंट नेतच नाही, ते खरं नाही. सोल्डरचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण आठ-नऊ पट, म्हणजे ३ मिमी रुंदीत ०.३ मिमी जाडीचा थर मिळाला तर हिशोबानं तो मूळ प्रिंटची बरोबरी करतो. अडचण अशी की उघड्या फायबरवर सोल्डर चिकटतच नाही, ते दोन्ही टोकांच्या तांब्याकडं ओढलं जातं आणि मध्ये कंबर बारीक होते, नेमकी तिथंच उष्णता साठते. त्यात साधं ६३/३७ सोल्डर १८३ डिग्रीला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं, रोज तापणं-निवणं झालं की आतून दाणेदार होऊन तडकतं. म्हणून माझ्या टेबलावरचा नियम असा की करंट तांब्यानंच न्यायचा, सोल्डर फक्त सांध्याला, आणि ओढ-ताण सोसायला गोंद नाहीतर क्लिप. हे तिन्ही वेगळे ठेवले की काम टिकतं. एकाकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायला गेलं की परत येतं.

तर तुझ्या जाड प्रिंटचं काय करायचं. माझं मत विचारशील तर ती प्रिंट जोडूच नको. रिलेची पिन आणि टर्मिनलची पिन यांच्यात बोर्डच्या मागून सरळ १.५ चौरस मिमीची फ्लेक्झिबल कॉपर वायर टाक, घरच्या वायरिंगला वापरतात तीच. टोकं सोलून पीळ देऊन आधी सोल्डर भरून घे, पिनला अर्धा वेढा देऊन मग सोल्डर कर, नुसतं टेकवून नाही. यासाठी २५ वॅटचा आयर्न कमी पडतो, पिन आणि वायर दोन्ही उष्णता ओढून घेतात, तू तिथं अर्धा मिनिट टेकवून बसतोस आणि पॅड सुटतो. ६० वॅटचा घे, रुंद टोकाचा, तीन-चार सेकंदात काम करून बाजूला हो. मोठ्या आयर्ननं बोर्ड जळतो असं लोकांना वाटतं, खरं तर लहान आयर्न जास्त वेळ टेकवल्यानंच जास्त बोर्ड खराब होतात. वायर दोन ठिकाणी केबल टायनं नाहीतर इपॉक्सीनं बोर्डला धरून ठेव, मोटर सुरू होताना वायरीला हलका झटका बसतो.

आणि त्याहून चांगलं म्हणजे मोटरचा करंट बोर्डवर आणायचाच नाही. त्या बोर्डवरचा रिले बघ, छोटा चौकोनी, त्यावर १० ए २५० व्हीएसी लिहिलं असेल. ते १० अँपिअर बल्ब-हीटरसारख्या साध्या लोडला, मोटरला नाही. मोटर सुरू होतानाचा झटका रोज घेऊन आतले कॉन्टॅक्ट खरबडीत होतात, कधी चिकटून बसतात, मग टाकी भरून वाहतेय तरी मोटर बंद होत नाही. त्या रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरचा मोठा करंट जोडणारा वेगळा दांडगा स्विच) कॉइल चालव, आणि कॉन्टॅक्टरनं मोटर. कॉइल अगदी किरकोळ करंट घेते, त्यामुळं बोर्डवरची प्रिंट आयुष्यभर थंड राहते. खर्च थोडा वाढतो, पण बोर्ड वारंवार शिवत बसण्यापेक्षा परवडतं.

वायर टाकायच्या आधी एक काम मात्र चुकवायचं नाही, आणि हे मी नुकसान करून शिकलोय. पूर्व भागातल्या एका लूमच्या शेडमधलं पॅनलचं कार्ड आलं होतं, आत कापसाचा फुफाटा बोटभर साचलेला, दोन प्रिंटच्या मधला बोर्ड जळून काळा झालेला. मी ब्रशनं साफ केलं, जंपर (वरून जोडवायर) मारला, चालू करून दाखवलं. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली आणि त्याच काळ्या डागावरून ठिणग्या उडून दुसऱ्यांदा सगळंच पेटलं, नशीब शेडमध्ये माणसं जागी होती. काळा झालेला बोर्ड म्हणजे कोळसा, आणि कोळसा वीज वाहतो, कोरडा असताना कमी आणि दमट हवेत जास्त. तो पुसून जात नाही, खरवडूनच काढावा लागतो. कटरनं किंवा छोट्या ड्रिलच्या दगडानं तोपर्यंत खरवड जोपर्यंत खाली स्वच्छ पिवळट-पांढरं फायबर दिसत नाही, खड्डा पडला तरी पडू दे, आरपार भोक पडलं तरी चालेल, मग आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवून खड्डा इपॉक्सीनं भर. खरवडताना तोंडाला मास्क लाव, ती काचेच्या धाग्यांची धूळ असते. जुना तपकिरी कागदी बोर्ड असेल तर तो जास्त लवकर कोळसा होतो, तिथं हात आखडू नको.

त्याच बोर्डवर दुसरी जिवाची गोष्ट. तुझ्या कंट्रोलरला एका बाजूला २३० व्होल्ट आहे आणि दुसऱ्या बाजूच्या वायरी टाकीतल्या पाण्यात उतरल्यात. घरातली बाई त्याच पाण्यात हात घालते. या दोन बाजूंच्या मध्ये बोर्डवर मुद्दाम रिकामी पट्टी सोडलेली असते, कधी आरपार चीर पाडलेली असते. त्या पट्टीवरून एकही जंपर न्यायचा नाही, दोन्हीकडून किमान ६ ते ८ मिमी मोकळं ठेवायचं, तिथं सोल्डरचा थेंब, फ्लक्सचा (सोल्डर धरावं म्हणून लावतात ते) चिकटपणा, काळा डाग काही शिल्लक ठेवायचं नाही. जंपर लांबून वळसा घालून न्यावा लागला तरी चालेल. जळण्याचा डाग त्या पट्टीपर्यंत पोचला असेल तर मात्र मी आधी म्हटलेलं मागं घेतो, तो बोर्ड टाकून दे आणि नवीन घे. प्रिंट जोडता येते, तुटलेलं इन्सुलेशन घरच्या घरी खात्रीनं परत आणता येत नाही.

आता उचकटलेला पॅड आणि बारीक प्रिंट. हे खरं हातकामाचं आहे आणि मला स्वतःला यात अजून मजा येते.

पॅड का सुटतो ते आधी समजून घे. तांबं बोर्डला रेझिननं चिकटवलेलं असतं आणि साध्या एफआर-४ बोर्डचं रेझिन १३०-१४० डिग्रीच्या पुढं मऊ पडायला लागतं, आपला आयर्न ३२०-३५० चा. म्हणजे प्रत्येक वेळी टेकवताना आपण गोंद सैल करतच असतो, त्यात पार्ट ओढला, नाहीतर टोकानं पॅडवर घासलं की तो निघून येतो. तुझं सोल्डर पूर्ण वितळायच्या आधी आयसीचा पाय उचलला गेला असणार. पुढच्या वेळी जुन्या सोल्डरमध्ये थोडं नवीन सोल्डर आणि फ्लक्स घालून मग सोल्डर ओढून घेणारा पंप किंवा विक (तांब्याची जाळीदार पट्टी) वापर, जुनं सोल्डर लगेच पातळ होतं.

सुटलेला पॅड प्रिंटला अजून लटकत असेल तर तो परत दाबून चिकटवायच्या नादी लागू नको, तुटका भाग कटरनं सरळ कापून टाक. मग त्याच प्रिंटवर थोडं पुढं जा जिथं ती पक्की बसलीय, आणि तिथला हिरवा रंग कटरचं पातं जवळजवळ आडवं धरून हळूहळू खरवड, ३-४ मिमी लांबीत. उभं पातं धरलंस तर तांब्यात चर पडते. गुलाबी चकचकीत तांबं दिसलं की फ्लक्स लावून त्यावर सोल्डरचा अगदी पातळ हात फिरव. आपल्या आज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायच्या ना, तेच हे. तिथं नवसागर आणि कथील, इथं रोझिन फ्लक्स आणि सोल्डर, दोन्हीकडं तत्त्व एकच की आधी तांब्यावरचा मळ सोडवायचा, मगच कथील धरतं. कल्हई नीट झाली नाही तर वरचा सांधा कितीही चकचकीत दिसू दे, तो चिकटलेला नसतो. फक्त नवसागर किंवा पत्र्याच्या डागकामाला वापरतात ते ॲसिड फ्लक्स बोर्डला कधी लावू नको, सहा महिन्यांत प्रिंट हिरवी होऊन खाऊन जाते. डबीवर रोझिन लिहिलेलंच घे.

वायर कुठली? सिग्नलच्या प्रिंटला ३६ गेजची वाइंडिंग वायर, ०.१९ मिमीची, भरपूर होते. हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही, पण १ मिमी रुंद प्रिंटचा काटछेद ०.०३५ चौरस मिमी आणि तिच्याहून जरा जाड ३४ गेजच्या तारेचा ०.०४३, म्हणजे ती केसासारखी तार त्या रुंद प्रिंटपेक्षा जास्त तांबं आहे. ५ मिमीच्या प्रिंटला २४ गेज पुरते. पॉवरला मात्र मी एक-दोन गेज जाडच घेतो, कारण प्रिंट चपटी असल्यानं उष्णता बोर्डला आणि हवेला देऊन टाकते, गोल तारेला ते तेवढं जमत नाही.

तार विकत घ्यायची पण गरज नाही, कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं तुकडे मिळतात. पण त्यात एक खोच आहे. मोटरच्या तारेवरचं इनॅमल उष्णता सोसायला केलेलं असतं, ते आयर्ननं जळत नाही, तुला वाटतं सोल्डर झालं आणि सोल्डर नुसतं तारेभोवती गोळा होऊन बसलेलं असतं. ते टोकाला पातळ पॉलिश पेपरनं चारी बाजूंनी घासूनच काढावं लागतं. छोट्या ट्रान्सफॉर्मरमधल्या किंवा सोल्डरेबल म्हणून मिळणाऱ्या तारेचं इनॅमल ३७०-३९० डिग्रीच्या टोकावर सोल्डरच्या थेंबात धरलं की दोन-तीन सेकंदात धूर होऊन जातं, तो धूर नाकात घेऊ नको. घाईत असशील तर मोबाईल चार्जरच्या जुन्या वायरीतला एक धागा काढ, कधीकधी तेवढ्यावर भागतं.

तारेचं टोक आधी सोल्डरमध्ये भिजवून घे, खरवडलेल्या तांब्यावर निदान ३ मिमी आडवं झोपव आणि वरून आयर्न एक सेकंद टेकव, नवीन सोल्डर घालायची गरज पडत नाही. नुसतं टोक टेकवून थेंब मारू नको. दुसऱ्या टोकाकडं जाताना तार ताणून सरळ नेऊ नको, मध्ये हलकासा एस वळण ठेव, बोर्ड गरम होऊन वाढतो, वाकतो, ताणलेली तार सांध्यालाच ओढत राहते. आयसीच्या पायाला जोडताना तार पायाच्या वर जिथं वाकतो तिथं न लावता खाली बोर्डला टेकलेल्या भागाला लाव. हे सगळं भिंगाखाली कर, मोबाईलचा कॅमेरा झूम करून स्टँडवर ठेवला तरी चालतं.

चिकटवायला काय, यावर प्रत्येक मेकॅनिकचं वेगळं मत असतं. मी फेविक्विक वापरत नाही, उष्णतेनं ते ठिसूळ होतं, आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी झाक येते, आणि परत कधी आयर्न लावायची वेळ आली तर त्याचा धूर डोळ्यांत झणझणतो. ग्लू गन आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात मऊ पडते, मी सुटून लोंबलेला ग्लू बघितलाय. दोन ट्यूबचं साधं इपॉक्सी, सावकाश वाळणारं, रात्रभर ठेवायचं, ते चांगलं. नाहीतर हिरवं यूव्ही सोल्डर मास्क मिळतं इंजेक्शनसारख्या ट्यूबमध्ये, पातळ थर देऊन यूव्ही टॉर्चखाली धरायचं, आणि टॉर्च नसेल तर आपल्या सोलापूरच्या उन्हात ठेवलं तरी वाळतं. जाड थर एकदम देऊ नको, वरून कडक होतो आणि आत ओला राहतो. आणि जे काही लावशील ते चाचणी झाल्यावर लाव, आधी नाही.

कॉपर टेपचं विचारलं होतंस. वाईट नाही, रुंद प्रिंटला दिसायला सुबक होते, पण तिच्या मागचा गोंद करंट नेईल असं धरून चालू नको, प्रत्येक सांध्याला सोल्डर हवंच, आणि तो गोंद आयर्नच्या उष्णतेनं सैल होतो. मी फार वापरत नाही. चांदीच्या शाईचे पेन मिळतात ते रिमोट-कीबोर्डच्या पातळ शीटला ठीक, पॉवरला अजिबात नाही, त्यावर नेहमीसारखं सोल्डर पण धरत नाही.

चाचणीत सगळे फसतात ते बीपवर. मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमपर्यंत पण बिनधास्त वाजतो, मग केसाच्या तड्यानं जेमतेम टेकलेली प्रिंट पण त्याला चांगलीच वाटते. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत एका वर्षी लाउडस्पीकरचा एक साउंड मिक्सर आला होता, आवाज मध्येच जायचा, दाबलं की यायचा. जॅकच्या पायापाशी प्रिंटला तडा होता, बीप मस्त वाजत होती. मी तार टाकून दिली, दुसऱ्या रात्री परत आला, शेजारची प्रिंट तडकलेली. तेव्हा लक्षात आलं की जॅकचा बाहेरचा नटच गायब होता, प्रत्येक वेळी पिन घालताना सगळा जोर बोर्डवर यायचा. नट बसवला, तार नवीन टाकली, नंतर तो मिक्सर कित्येक वर्षं चालला. म्हणून तडा असलेली प्रिंट असली की आधी शोध बोर्डला कोण वाकवतंय, आणि मीटर लावून बोर्ड अगदी हलका वाकवत बघ, आकडा हलला की समज.

जाड प्रिंट खरंच चांगली झाली का हे बघायची घरगुती युक्ती सांगतो. मोटरसायकलचा इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घे, तो साधारण १.७५ अँपिअर घेतो. १२ व्होल्टची बॅटरी, बल्ब आणि तुझी जोडलेली प्रिंट हे एकामागोमाग एक जोड, बल्ब पेटला की मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रिंटच्या दोन टोकांवर बघ. ३ मिमी रुंद आणि ३० मिमी लांब चांगल्या प्रिंटवर ९ मिलिव्होल्टच्या आसपास येतं, तू टाकलेल्या १.५ च्या वायरीवर त्याहून खूपच कमी यायला हवं, १ मिलिव्होल्टच्या आतच. तीस-चाळीस दाखवलं तर कुठंतरी सांधा कच्चा आहे, मीटरची एक पिन सरकवत गेलास की नेमका कुठं ते पण सापडतं. हे फक्त पॉवरच्या प्रिंटवर कर, आणि आधी मीटरनं प्रिंट सलग असल्याचं बघून, कारण मध्येच तुटलेली निघाली तर १२ व्होल्ट पुढच्या पार्टवर जातील. आयसीच्या बारीक प्रिंटला ही चाचणी नको.

गळक्या बॅटरीनं खाल्लेल्या प्रिंटबद्दल विचारलं नाहीस पण इन्व्हर्टरच्या घरात हे हमखास होतं म्हणून दोन ओळी. रिमोट-घड्याळाचे अल्कलाइन सेल किंवा बोर्डवरची जुनी रिचार्जेबल बॅटरी गळली तर ते अल्कली असतं, ते मारायला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं मात्र ॲसिड, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. उलटं केलंस तर भर पडते. नंतर डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचं, बोअरच्या पाण्यानं नाही, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते तुझ्या नळाच्या तोटीवर दिसतंच, मग आयपीए आणि अर्धा दिवस वाळवणं. हिरव्या रंगाखाली काळी पडलेली प्रिंट जिथपर्यंत गेलीय तिथपर्यंत खरवडत जा, चांगलं तांबं लागेपर्यंत थांबू नको.

दोन्ही बाजूंना प्रिंट असलेल्या बोर्डमध्ये भोकाच्या आत पण तांब्याची नळी असते, पार्ट ओढताना ती निघून येते आणि वरची-खालची जोडणी तुटते. एक धागा भोकातून घालून दोन्हीकडं सोल्डर केला की झालं. चार किंवा जास्त थरांचा बोर्ड असेल आणि आतली प्रिंट गेली असेल तर ती उकरायला जाऊ नको, ती कुठून कुठं जाते ते शोधून बाहेरून तार टाक, नाही सापडलं तर सोडून दे.

तुझा क्रम असा ठेव, काळं खरवड, रिलेच्या आणि टर्मिनलच्या सगळ्या पिनांचं जुनं सोल्डर काढून नवीन कर, १.५ ची वायर टाक, मग आयसीच्या पायाची बारीक तार, आयपीए आणि जुन्या टूथब्रशनं फ्लक्स धुवून काढ, बल्बची चाचणी, शेवटी इपॉक्सी. रात्रभर वाळल्यावर मोटर न जोडता नुसता बोर्ड ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सप्लायच्या वायरीत एकामागोमाग जोडून, म्हणजे सिरीजमधून, चालू कर, बल्ब भक्क पेटून राहिला तर लगेच बंद कर, कुठंतरी शॉर्ट आहे. तसं नसेल तर सेन्सरच्या वायरी ग्लासभर पाण्यात बुडवून-काढून रिले टकटक करतोय का बघ. मग सिरीज काढून मोटर जोड, वीस मिनिटं चालव, एमसीबी पाडून, मीटरनं सप्लाय नसल्याची खात्री करून रिलेच्या पिनपाशी बोट लाव. कोमट असेल तर ठीक, बोट ठेववत नसेल तर तो सांधा अजून कच्चा आहे नाहीतर रिलेचे कॉन्टॅक्ट गेलेत. काम झाल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय काही खाऊ नको, सोल्डरमध्ये शिसं असतं.

रिलेवर काय छापलंय आणि मोटरच्या प्लेटवर किती अँपिअर लिहिलंय ते तेवढं कळव, म्हणजे कॉन्टॅक्टर कुठल्या साइजचा आणि कुठल्या कॉइलचा घ्यायचा ते नक्की सांगतो.